लसरीनाबाईंचा उपास

२९ सप्टेंबर १५९१, संत मायकलचा सण

सणाचा दिवस, आज हंस खायची रीत, आणि ताटात हंसाचं पीसदेखील नाही. वाळवलेला मासा, ओटची भाकरी, ताक. मी नुसतं ताटाकडे बघितलं, तर बेटाच्या मालकीण लसरीनाबाई म्हणाल्या, "बुवा, तोंड पाडू नकोस. तुझा हंस कॅप्टन थॉर्लीच्या पोटात गेलाय. जा, माग त्याच्याकडे."

थॉर्ली म्हणजे गॉलवे शहरातून आलेला इंग्रज. दोन आठवडे झाले, त्याचं जहाज आमच्या बंदराबाहेर नांगर टाकून बसलंय. समोरच्या किनाऱ्यावरची गुरं, कोंबड्या, हंस, मेल्यानं काही म्हणून सोडलं नाही. आज त्याचं पत्र आलं. आमच्या या आयरिश बेटावर इंग्रजी वाचता येणारा मी एकटाच. म्हणून तर मठ लुटला गेलेल्या माझ्यासारख्या म्हाताऱ्या साधूला बारा वर्षं बसून जेवायला मिळतंय. वाचून दाखवलं: तिन्ही गलबतं हवाली करा, इंग्लंडच्या राणीपुढे गुडघे टेका, नाहीतर आत येऊन जाळून टाकू.

बाई हसल्या. "आत? करवतीतून?"

करवत म्हणजे बंदराच्या तोंडाशी असलेली खडकांची रांग. तिच्यातून वाट आहे, पण ती ठाऊक असलेली तीनच माणसं जिवंत आहेत. एक स्वतः बाई. दुसरा त्यांचा सुकाणूवाला कोरमाक. तिसरा फेलिम, बाईंचा धाकटा, आणि आता एकुलता. फेलिम तीन वर्षं थॉर्लीकडे ओलीस आहे, गॉलवेच्या कुठल्यातरी कोठडीत.

सोबत फेलिमची चिठ्ठी होती. "आई, मला इथे माणसासारखं वागवतात. जग आपल्या तीन गलबतांपेक्षा मोठं आहे. तू वाकलीस तर सगळे जगतील." अक्षर सुरेख. मीच शिकवलंय. कार्टा डावखुरा, उजव्या हातात लेखणी धरावी म्हणून किती छड्या मारल्या, पण ऐकेल तर शपथ. मी बाईंना म्हटलं, उघड आहे, मानेवर सुरी ठेवून लिहून घेतलंय.

बाईंनी चिठ्ठी दुमडून कमरेला खोचली. "तसंच असेल," म्हणाल्या.

३ ऑक्टोबर

चार दिवस धुकं. एवढं दाट की स्वतःच्या दारातून बाहेर पडलो आणि स्वतःचंच दार सापडेना. खडकांवर सील ओरडतात ते माणसांसारखं ऐकू येतं.

सायव सकाळी माझ्याकडे आली. फेलिमला हिनंच अंगावर पाजलं. आमच्या रीतीप्रमाणे पोर चौदाव्या वर्षापर्यंत तिच्याच घरी वाढलं. म्हणाली, "बुवा, फेलिम शीळ घालतोय. धुक्यात. करवतीच्या बाजूला."

"सील असतील."

"सील शीळ घालतात होय? दोन वेळा लांब, एकदा आखूड. गुरं घेऊन घरी यायचा तेव्हा घालायचा तीच." मग शालीनं डोळे पुसत म्हणाली, "मेला असणार माझा पोर. कोठडीत मारला त्यांनी. आता वाट शोधतोय घरची."

मी तिला प्रार्थना म्हणायला सांगितली. ती गेल्यावर दारात उभा राहून बराच वेळ कान देऊन ऐकलं. काही नाही. मग एकदा ऐकू आली खरी. दोन लांब, एक आखूड. मी आत येऊन कडी लावली. वारा असणार. वारा नव्हता, पण असणार.

५ ऑक्टोबर

एक गलबत जळालं.

पहाटे, ऐन ओहोटीत, त्याच धुक्यात. इंग्रजांच्या दोन होड्या करवतीतून आत आल्या, गलबत पेटवलं आणि आल्या वाटेनं परत गेल्या. एकही होडी खडकाला घासली नाही. कोरमाक चाळीस वर्षं त्या वाटेनं ये-जा करतोय, तोही ओहोटीत जायला धजत नाही.

राखणीला असलेला म्हातारा वाळूवर हात बांधलेला सापडला. अंगावर ओरखडा नाही. उशाला त्याचंच कांबळं, घडी घालून. म्हणाला, "मागून हात आला. गार, ओला. तोंड दाबलं, आणि कानात कुजबुजला, गप पड बाबा, थंडी वाजेल, हे घे. आपल्या भाषेत."

"आवाज ओळखीचा?" कोरमाकनं विचारलं.

"मेलेल्याचा होता," म्हातारा म्हणाला. "दर्यात गेलेल्यांपैकी कुणाचातरी. असं वाटलं, आत्ता नाव आठवेल. नाही आठवलं."

माणसं हादरली आहेत. आमच्याच बुडालेल्यांना इंग्रजांनी कामाला लावलंय, असं बोलतात. मी समजावलं, सैतानाला सगळ्या भाषा येतात. त्यानं कुणालाच धीर आला नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही.

६ ऑक्टोबर

ओहोटीला 'मुका' खडकावर एक दोरी अडकलेली सापडली. (करवतीतल्या खडकांना नावं आहेत: आजी, मेव्हणी, मुका. मुक्यावर लाट फुटत नाही, तो पाण्याखाली गप्प बसलेला असतो, म्हणून मुका. सर्वात वाईट तोच.) पाण्याची खोली मोजायची दोरी, टोकाला शिशाचा गोळा. गोळा इंग्रजी, पण खुणा आमच्यासारख्या: दोन वावांवर (वाव म्हणजे दोन्ही हात पसरून भरते तेवढी लांबी) चामड्याची पट्टी, तीन वावांवर लाल चिंधी. आणि प्रत्येक गाठीचा पीळ उलटा.

कोरमाकनं ती हातात घेतली आणि लगेच खाली टाकली.

"काय झालं?"

"हात गारठलेत," म्हणाला आणि तोंड फिरवून समुद्राकडे बघत उभा राहिला. मी म्हटलं, उलटा पीळ ही सैतानाचीच खूण, जुन्या पोथ्यांत लिहिलंय. त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मला मूर्ख असल्यासारखं वाटलं.

बाईंनी दोरी मांडीवर घेतली. एकेका गाठीवरून अंगठा फिरवत राहिल्या. चूल विझायला आली तरी कुणी उठेना. शेवटी म्हणाल्या, "उद्यापासून मी उपासाला बसते."

"कुणाच्या विरुद्ध?" मी विचारलं.

"ज्यानं ही दोरी वळली, त्याच्या."

७ ऑक्टोबर, उपासाचा पहिला दिवस

कुणी अन्याय केला आणि तो आपल्या हाताबाहेरचा असला, तर आमच्याकडे त्याच्या दारात उपाशी धरणं धरून बसतात. नऊ दिवस. त्यानं यावं, चूक भरून द्यावी आणि उपाशी माणसाला स्वतःच्या हातानं भाकरी द्यावी. नाही आला तर तो संपला. त्याच्या पंगतीला कुणी बसत नाही आणि तो मेला तर त्याच्यासाठी कुणी रडत नाही.

याचं दार कुठलं? तो आत आला ती वाट, म्हणून बाई करवतीच्या तोंडाशी सपाट खडकावर जाऊन बसल्या. अंगावर लोकरीचा जाड झगा, पुढ्यात पाणी. चोपन्न वर्षांची बाई! मी हात जोडून सांगितलं, "अहो, इंग्रजाला काय कळणार उपास? तो म्हणेल, म्हातारीला भूक नाही."

"ज्याला कळायचा त्याला कळेल," कोरमाक म्हणाला.

याला हल्ली कोड्यात बोलायची खोड लागलीय.

१० ऑक्टोबर, चौथा दिवस

आज घडलं ते जसंच्या तसं लिहितो.

सकाळी बाईंना पाणी द्यायला गेलो. धुकं असं की दहा पावलांवरची बाई दिसेना. आणि त्यांच्या शेजारी खडकावर पाव. गव्हाचा, पांढरा, अजून कोमट. या बेटावर गव्हाचा पाव बारा वर्षांत मी पाहिलेला नाही. खडकावर ओल्या पावलांचे ठसे होते, पाण्यातून आलेले आणि पाण्यात गेलेले.

"बाई, कोण आलं होतं?"

"धुकं आलं होतं."

"आणि हा पाव?"

"चोरासारखा ठेवून गेला. हातात द्यायचा धीर झाला नाही." त्या पावाकडे बघतही नव्हत्या. गालफडं बसलीत, डोळे तेवढे मोठे झालेत. "उचल तो, बुवा. वास येतोय त्याचा."

मी उचलला. सैतानाचं प्रलोभन म्हणून समुद्रात फेकायला निघालो. वळणापर्यंत गेलो आणि खाल्ला. सगळा. लिहून ठेवतो, कारण कबुली द्यायला दुसरा साधू इथे नाही. मऊ होता.

१२ ऑक्टोबर, सहावा दिवस

बाईंना आता उभं राहता येत नाही. सायव त्यांच्या पायांना तेल चोळते आणि रडते. ही बाई माझ्या डोळ्यांदेखत मरणार, आणि मी काय करायचं? प्रार्थना म्हणायच्या?

आज पांढरं निशाण लावून थॉर्लीची होडी उत्तर न्यायला आली. बाईंचं उत्तर एका शब्दाचं, "नाही". ते लिहून मी पाकिटात घातलं, आणि त्यात माझीही एक चिठ्ठी सरकवली. कुणाला सांगितलं नाही. लसरीनाबाईंच्या दरबारी बारा वर्षं त्यांचे शब्द लिहिले. एकदा स्वतःचे लिहिले तर काय बिघडलं?

चिठ्ठी बरी जमली. इथे उतरवून ठेवतो: "माननीय कॅप्टनसाहेब, बाईंचा उपास आपल्याविरुद्ध नसून आपल्या वाटाड्याविरुद्ध आहे. तो कोण ते मला ठाऊक नाही. पण ती त्याला बोलावते आहे, आणि तो आमच्यातला असेल तर जाणारच. आपणच त्याला मोठ्या मनानं पाठवावं. त्यानं भाकरी दिली की बाईंचा राग उतरेल आणि समेटाचं बोलता येईल."

कॅप्टन झाला तरी माणूसच ना. वाटाड्याला पाठवील, बाई जेवतील, आणि बोलणी सुरू झाली की फेलिमला सोडायचा विषय काढता येईल. आज बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागेल.

१४ ऑक्टोबर, आठवा दिवस

शीळ थांबली. परवा संध्याकाळपासून एकदाही नाही. माझ्या चिठ्ठीनं काहीतरी हललं असणार! सायव मात्र वेड्यासारखी किनाऱ्यावर फिरतेय. "आता का गप्प झाला? बुवा, आता का गप्प झाला?"

बाई दिवसभर कान लावून बसल्या होत्या. अंधार पडताना पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून नाव ऐकलं. "फेलिम," म्हणाल्या. हाक नव्हे, नुसतंच नाव.

मी म्हटलं, "बाई, फेलिम गॉलवेत आहे."

त्यांनी माझा हात हातात घेतला, लहान मुलाचा घ्यावा तसा. "हो रे बुवा," म्हणाल्या, "गॉलवेत आहे."

१५ ऑक्टोबर, नववा दिवस

मला नीट लिहू दे.

दुपार. धुकं. आम्ही सगळे सपाट खडकावर, कारण नववा दिवस. आणि आवाज आला. शिडांचा, लाकूड करकरल्याचा. होड्या नव्हेत, अख्खं जहाज करवतीत शिरत होतं. दिसत काहीच नव्हतं. मग धुक्यातून एक माणूस ओरडला, मोठ्यांदा, स्पष्ट, आमच्या भाषेत:

"आजी! उजवीकडे ठेव!"

आणि मागोमाग तेच इंग्रजीत, सुकाणूवाल्यासाठी. सायवनं माझ्या दंडात नखं रुतवली. मला आवाज कळला. फेलिमचा. याच आवाजात तो माझ्यापुढे पाढे म्हणायचा. देवा, मी किती गाढव आहे. डावखुऱ्याचा उलटा पीळ. कांबळ्याची घडी. पाव.

"मेव्हणी! डावीकडे ठेव, जवळून जा!"

बाईंचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. दहा वर्षांच्या पोराला पुढ्यात बसवून त्यांनीच हे शब्द शिकवले होते. पुढचा खडक मुका. मुक्यापाशी 'पूर्ण डावीकडे घे' म्हणायचं असतं. बाई म्हणाल्याही, हळूच, "पूर्ण डावीकडे."

धुक्यात क्षणभर काहीच नाही. मग तो ओरडला:

"सरळ!"

तेच इंग्रजीत. आणि पुन्हा आमच्या भाषेत, या वेळी सुकाणूवाल्यासाठी नव्हे, "आई, सरळ!"

जहाज मुक्यावर आदळलं, लाकूड फुटल्याचा आवाज आला. पुढे बराच वेळ माणसं ओरडत होती, ती दिसली नाहीत. एकेक करून गप्प झाली. कोरमाक होडी घेऊन गेला.

१६ ऑक्टोबर

सहा इंग्रज जिवंत निघाले. थॉर्ली मेलेला वाहून आला. आणि फेलिमला कोरमाकनं आणलं.

तो सुटू शकला नसता. कमरेला साखळी, आणि साखळी डोलकाठीच्या तुकड्याला. पोहण्यात या पोराचा हात धरणारा बेटावर कुणी नव्हता. हात तेवढे मोकळे होते.

बाईंना चौघांनी उचलून त्याच्यापाशी नेलं. त्यांनी ओटची भाकरी मागितली. त्याचा डावा तळहात उघडून त्यावर ठेवली, आणि तिथून उचलून खाल्ली. सावकाश. नऊ दिवसांनी घास गिळायला त्रास होत होता. मग म्हणाल्या, "दिला त्यानं न्याय. आता रडा." बायका रडल्या. काल सकाळपर्यंत त्याच्यासाठी कुणीही रडलं नसतं.

रडणं झाल्यावर बाईंनी साखळीला हात लावला. इंग्रजांपैकी एकाला पुढे आणवलं. "बुवा, विचार त्याला. याला बांधलं का? आधी तर मोकळा फिरत होता. पाव ठेवून जात होता."

मी विचारलं. तो म्हणाला, तुमच्याकडून एक पत्र आलं त्या संध्याकाळी बांधला, पळून जाऊ नये म्हणून.

"काय म्हणतो?"

"माहीत नाही म्हणतो," मी सांगितलं.

पण त्या हरामखोरानं थॉर्लीच्या प्रेताकडे बोट दाखवलं. बाईंनी प्रेताच्या कोटाच्या आतून मेणकापडातला कागद काढला. माझी चिठ्ठी, अक्षरही पुसलं नव्हतं. "वाच," म्हणाल्या.

"बायकोचं पत्र आहे," मी म्हणालो. "कॅप्टनच्या."

"काय म्हणते?"

"लवकर घरी या म्हणते. थंडी पडायला लागलीय म्हणते."

बाईंनी मान डोलावली. "मग तिलाही कळवायला हवं, बिचारीला. नाव काय?"

"मार्जरी," मी म्हणालो. तोंडाला येईल ते.

कागद त्यांनी माझ्या हातात दिला. बराच वेळ माझ्याकडे बघत होत्या, रागानं नव्हे. मला वाटलं, सुटलो.

१७ ऑक्टोबर

काल संध्याकाळी फेलिमला पुरलं. घरी येऊन झोपलो. सकाळी दार उघडलं तर बाई माझ्या उंबऱ्यापाशी बसलेल्या. तोच लोकरीचा झगा. शेजारी कोरमाक उभा.

"बाई, इथे का बसलात?"

कोरमाक म्हणाला, "उपासाला बसल्यात."

मी दार लावून घेतलं.

१८ ऑक्टोबर

दाराच्या फटीतून झग्याचा काठ दिसतो. त्या खोकत नाहीत, हलत नाहीत. लोक येतात, लांब उभे राहून घराकडे बघतात आणि जातात. आज सायवनं माझ्यासाठी भाकरी आणली नाही. घरात चूल पेटवली तर धूर बाहेर दिसेल म्हणून पेटवली नाही. लाज वाटते, की भीती, ते कळत नाही.

दुपारी कोरमाक दाराला तोंड लावून बोलला. "बुवा, नऊ दिवस काढून जेमतेम एक भाकरी पोटात गेलीय. अजून एक दिवस जगतील, दोन नाही. मला काही ठाऊक नाही तुम्ही काय केलंत. पण जे केलंत ते सांगून टाका."

मी आतून ओरडलो, "बाई, तुम्हाला काय हवंय माझ्याकडून?"

पहिल्यांदाच आवाज आला, अगदी बारीक. "बारा वर्षं तुझ्या खांद्यामागून बघतेय मी, बुवा. तुझं अक्षर मला ओळखता येतं. वाचता येत नाही. वाचून दाखव."

१९ ऑक्टोबर

उजाडताना दार उघडलं. त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो आणि 'माननीय कॅप्टनसाहेब'पासून वाचलं, आमच्या भाषेत, एकही शब्द न गाळता. सायव होती, कोरमाक होता, गाव होता. सायव किंचाळली. कोरमाक माझ्या अंगावर आला, त्याला बाईंनी नुसता हात वर करून थांबवलं.

"ते एक वाक्य परत वाच," म्हणाल्या.

मला विचारावं लागलं नाही कुठलं. "तो आमच्यातला असेल तर जाणारच."

"परत."

तीन वेळा वाचलं. तिसऱ्यांदा मला पुरं करता आलं नाही.

"तुला ठाऊक नव्हतं तो कोण ते," बाई म्हणाल्या. "तरी एवढं बरोबर लिहिलंस. तो आपल्यातला आहे, याची मला नऊ दिवस खात्री नव्हती."

मग हात पुढे केला. मी आत गेलो, शिळी भाकरी होती ती आणली आणि दोन्ही हातांनी दिली. त्यांनी ती ताकाशिवाय, घोटाघोटानं पाणी पीत खाल्ली. मीही दोन दिवसांचा उपाशी होतो, पण हात पुढे केला तो त्यासाठी नव्हे. आमच्यात भाकरी घेणारा शेवटचा तुकडा मोडून देणाऱ्याच्या हातावर ठेवतो, मग मिटलं असं धरतात. मी तळहात उघडा धरून बसलो होतो. बाईंनी शेवटचा तुकडा तोंडात टाकला, झगा झटकला, आणि कोरमाकचा दंड धरून घरी गेल्या.